पुतळीच्या सावलीची झाडं

सत्यभामाबाई एसटीत शेजारी बसल्या की खिडकीची जागा त्यांना देऊन टाकावी. नाहीतर त्या आपल्या अंगावरून वाकून बाहेर बघतात आणि वर बोटं दाखवतात. धाड गाव मागं पडलं की त्यांचं सुरू होतं. "ते कडुनिंब पाह्यलं का? माह्यं हाये. तो वाकडा करंज दिसला? तोही माह्याच." एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाई, मंग रस्ता तरी सरकारचा हाये का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "रस्ता सरकारचा. सावली माही." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला आणि बाईंनी पुढचं झाड दाखवलं.

त्या खोटं सांगत नव्हत्या. धाडपासून जीपनं वीस मिनिटांवर त्यांचं गाव. गावाच्या वाटेवर पूर्वी सरकारी रोपवाटिका होती आणि तिथं बाईंनी सत्तावीस वर्षं रोजानं काम केलं. माती, वाळू, शेणखत चाळायचं, काळ्या पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालायचं. पाटीवरची नावं त्यांना वाचता येत नसत, पण रोपाची पहिली दोन पानं वर आली की त्या नाव सांगत आणि ते चुकत नसे. त्यांच्या हातचं रोप मरत नाही, असं चौकीदारापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणायचे. म्हणायला काय जातं? यंदा काय लावायचं, कुठं लावायचं, हे मात्र साहेबच ठरवायचे. एकदा बाई धीर करून बोलल्या होत्या, की साहेब, त्या खडकाळ उतारावर साग नको, चिंच लावा. साहेब हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी घाला." बाईंनी पाणी घातलं. साग दोन उन्हाळ्यांत वाळून गेला. त्याचा बाईंना काडीचाही आनंद झाला नाही, उलट आठ दिवस भाकरी गोड लागली नाही.

पुढं रोपवाटिका बंद पडली. बाई रोजंदारीवरच्या, त्यामुळं नारळ नाही, शाल नाही. एका सोमवारी गेल्या तर फाटकाला कुलूप होतं, तशाच परत आल्या. मुलगी वंदना देऊळगाव राजाला दिलेली, नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. राहायला गल्लीतलं दोन खोल्यांचं घर आणि पुढं सिमेंटचं अंगण. हजारो झाडं लावलेल्या या बाईच्या दारात तुळस सोडून एक झाड नव्हतं. लावणार कुठं?

गल्ली संपते तिथं भागवतचं घर. त्याच्या घरामागं मोकळी जागा आहे, दोन एकर भाजीपाला आहे आणि त्याच्याकडं पुतळी आहे. पुतळी म्हणजे त्याची घोडी. तांबूस अंग, काळीभोर आयाळ आणि जमिनीला टेकेल अशी काळी शेपटी. इकडं लग्नाच्या दिवशी नवरदेवाला घोड्यावर बसवून, वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात. त्याला परण्या म्हणतात. परण्याला पुतळी असली की नवरदेव कसाही असो, वरात देखणी दिसायची. भागवतची बायको करिष्मा तिच्या शेपटीची पाचपेडी वेणी घालायची आणि तिच्यात जरीची फीत गुंफायची. साखरखेर्ड्यापासून देऊळगाव राजापर्यंत लोक तारीख धरताना आधी पुतळी मोकळी आहे का ते विचारायचे.

तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. भागवत बाईंच्या दारात येऊन बसला.

"मावशी, पुतळी उन्हात उभी राह्यते वो. तिले सावली पाह्यजे. कोनती झाडं लावू?"

बाईंना आधी वाटलं, हा रोपं कुठं मिळतील ते विचारतो आहे. त्यांनी ते सांगितलं.

"रोपं मी आनतो ना. कोनती लावू, ते सांग. तुह्याशिवाय कोनाले समजते?"

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, जशी काही आमदारकीची उमेदवारी द्यायची होती. रोज संध्याकाळी त्या भागवतच्या जागेत जाऊन उभ्या राहत, ऊन कुठून येतं ते बघत, पायानं माती उकरत. करिष्माला तिथं कण्हेर हवी होती, देवाला फुलं होतील म्हणून. बाई तिच्यावर खेकसल्याच. "जनावराच्या जागेत कन्हेर? जहर हाये ते, पोरी! दोन पानं पोटात गेली तं घोडी आडवी होईन." बांधावरचा एरंडही त्यांनी भागवतला मुळासकट उपटायला लावला आणि कोपऱ्यातली घाणेरी जाळायला लावली. एवढी काळजी घेतली. मग निवड सांगितली: सुबाभूळ.

त्यांचा विचार त्यांच्या दृष्टीनं पक्का होता. सुबाभूळ दोन वर्षांत माणसाच्या वर जाते, बारा महिने हिरवी राहते, पाणी मागत नाही. पाला असा की शेळ्या जीव टाकतात. म्हणजे डोक्यावर सावली आणि तोंडाजवळ चारा. रोपवाटिकेत त्यांनी तिच्या लाखभर बिया गरम पाण्यात भिजवल्या असतील. अकरा रोपं ओळीनं लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात पुतळी सावलीत उभी राहून मान वर करून शेंडे ओरबाडू लागली. भागवत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हे मावशीची झाडं." बाई ते ऐकायला रोज पाच वाजता तिथं जाऊन बसत. काम काही नसायचं, पण जायच्या.

दिवाळीनंतर पुतळीचे केस गळायला लागले.

आधी खराऱ्यात चार-दोन यायचे, मग मूठ-मूठ. अंगावरची लव जशीच्या तशी, तुकतुकीत. गळत होते ते फक्त लांब केस, आयाळीचे आणि शेपटीचे. संक्रांतीपर्यंत मान उघडी पडली आणि शेपटीचा नुसता दांडा राहिला, त्याला खाली पाच-पन्नास केस लोंबत होते. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कातडी तपासली, खरूज नाही, उवा नाहीत म्हणाले. खायला काय देता, असं त्यांनी विचारलं. भागवतनं सांगितलं, कडब्याची कुट्टी, हरभऱ्याचं कुटार, भिजवलेले हरभरे. डॉक्टरांनी मलम दिलं, ताकदीची पावडर दिली. उपयोग शून्य.

मग नजर उतरवून झाली. ती उतरवायलाही सत्यभामाबाईच होत्या. मीठ-मिरच्या ओवाळून त्यांनी चुलीत टाकल्या आणि मिरचीचा ठसका आला नाही म्हणून सगळ्यांची खात्री पटली, की नजर जबरी आहे. पुतळी मलूल दिसायची. बाईंचा जीव तुटायचा. मग त्या आकडीनं उंचावरच्या कोवळ्या फांद्या ओढून तिच्यापुढं टाकायच्या. "खाय माय, खाय. अंगात रगत भरू दे." पुतळी खायची आणि बाई तिच्या उघड्या मानेवरून हात फिरवत बसायच्या.

लग्नसराई तोंडावर आलेली. करिष्मानं शक्कल लढवली. तिच्या लग्नातलं गंगावन पेटीत पडून होतं, ते तिनं शेपटीच्या दांड्याला घट्ट बांधलं, वरून जरी गुंडाळली. लांबून कुणाला कळलं नसतं. तीन परण्ये निभावलेही. चौथा साखरखेर्ड्याला होता. मारुतीच्या देवळासमोर बँड रंगात आला, पुतळीच्या मांडीवर माशी बसली आणि तिनं शेपटीचा असा काही फटका मारला, की गंगावन सुटून क्लॅरिनेटवाल्याच्या खांद्यावर जाऊन पडलं. त्याला वाटलं साप. त्यानं क्लॅरिनेट टाकून उडी मारली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली आणि नवरदेव रडकुंडीला आला. नवरदेवाच्या चुलत्यानं भागवतला देवळाच्या दारातच सुनावलं. संध्याकाळच्या आत ही बातमी धाडच्या बसस्टँडवर पोचली होती.

त्यानंतर पुतळीला कुणी विचारीना. लोक शेजारच्या गावच्या गजेंद्रकडं जायला लागले. त्याचा पांढरा घोडा. आणि इथं भागवतच्या डोक्यात शिरलं, की हे सगळं गजेंद्रनंच केलं. दिवाळीच्या पाडव्याला तो गावात आला होता, पुतळीजवळ उभा राहून तिच्या शेपटीला हात लावून "काय केस हायेत" म्हणाला होता. बस्स, एवढा पुरावा पुरला. रात्री येऊन केस कापतो, करणी करतो, काहीतरी चोळून जातो. भागवतनं त्याला भर बाजारात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दोघांची गचांडी धरून झाली. लोकांनी सोडवलं नसतं तर डोकी फुटली असती.

चैत्र संपता संपता भागवतनं ठरवलं, पुतळी विकायची. बिनशेपटीची घोडी परण्याला कोण नेणार? घेणारा एकच मिळाला, वीटभट्टीवर गाडे ओढायला जनावरं पुरवणारा व्यापारी. तो गुरुवारी येणार होता. विक्री ठरली त्या दिवशी करिष्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

सोमवारी धाडचा बाजार असो नसो, बाईंचा पाय तिकडं वळतोच. त्या सोमवारी त्यांना रंगराव भेटले. रोपवाटिकेचे जुने चौकीदार, आता सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. दोघं चहाच्या टपरीवर बसले.

"सत्यभामाबाई, तुमच्या गावच्या घोडीचं गंगावन पडलं म्हनते, खरं हाय का?" रंगराव हसत म्हणाले.

"हसू नका भाऊ. जनावराचे हाल पाह्यवत नाही. आयाळ गेली, शेपूट गेलं. अंगाले काहीच नाही, फक्त लांब केस जाऊन राह्यले."

रंगरावांचं हसू थांबलं. "बांधता कुठं तिले?"

"सावलीत. माह्या झाडाखाली. अकरा सुबाभळी लावल्या म्या तिच्यासाठी," बाई म्हणाल्या. एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजाला थोडा तोरा चढलाच.

रंगरावांनी कप खाली ठेवला. "आन पाला खाते?"

"मंग! आवडीनं."

"बाई, तुमाले आठवत नाही? माह्यं तट्टू?"

बाईंना आठवलं. अगदी लख्ख आठवलं. रंगरावांचं एक करडं तट्टू होतं. एका वर्षी ते त्याला सुबाभळीच्या वाफ्याशेजारी बांधायचे. त्याची शेपटी उंदरासारखी झाली होती. सगळ्या बाया त्याला उंदीर म्हणून हाका मारायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या त्या सत्यभामाबाई.

"मले तवा एका म्हाताऱ्या नालबंदानं सांगितलं," रंगराव म्हणाले. "शेळी रवंथ करते, तिले ते बाधत नाही. घोड्याले बाधते. लांब केस गळतात, जास्त खाल्लं तं खुरंबी खराब होतात. म्या तट्टू लांब बांधलं आन साल-दीड सालात शेपूट परत आलं. तुमाले म्या सांगितलं होतं बाई. तुमी हसत होत्या."

जीपमध्ये खिडकीची जागा मिळूनही बाईंनी बाहेर पाहिलं नाही. करंज गेला, कडुनिंब गेलं, त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं: आपल्याच हातानं ओढलेली फांदी आणि ती खाणारं पुतळीचं तोंड. खाय माय, खाय. लाज वाटली, भीती वाटली, राग आला. राग स्वतःचाच.

आता खरं सांगायचं तर सत्यभामाबाई काही देवमाणूस नाहीत. घरी पोचेपर्यंत त्यांनी तीन थापा तयार केल्या होत्या. झाडांना कीड लागली म्हणून तोडा. विजेच्या तारेला लागतील म्हणून तोडा. मुळं घराच्या पायात शिरतील म्हणून तोडा. कुणाला काही कळायची गरज नाही. उभ्या जन्मात एकदाच कुणीतरी आपल्याला शहाणं समजून विचारलं होतं. मावशीची झाडं म्हणत होते लोक. ते नाव घालवायचं? आणि तेही पासष्टीला, जेव्हा दुसरं कमवायला दिवसच उरले नाहीत?

पण थापेत एक खोट होती. थापेनं झाडं तुटली असती, तरी गुरुवारचा व्यापारी थांबला नसता आणि गजेंद्रच्या माथ्यावरचा आळ गेला नसता. बाईंनी मंगळवार काढला, बुधवार काढला. या दोन दिवसांत त्या सकाळ-संध्याकाळ जाऊन पुतळीचा दोर सोडत आणि तिला दूर उन्हात, खुंट्याला बांधत. त्या वळल्या की करिष्मा तिला परत सावलीत आणून बांधायची आणि म्हणायची, "मावशीले उन्हानं भोवळ आली काय की."

गुरुवारी सकाळी व्यापारी आला. त्यानं पुतळीचा जबडा उघडून दात पाहिले, पाय उचलून पाहिले. शेजारचे पाचसहा जण जमले होते. भागवत खाली मान घालून उभा होता. बाई गर्दीतून पुढं आल्या आणि व्यापारी आणि घोडी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

"भागवत, इकू नको. तिचे केस कोनं कापले नाही. करनी नाही, नजर नाही. माह्या झाडानं गेले ते."

"काय म्हनतेस मावशी?"

"सुबाभूळ घोड्याले चालत नाही. पाला खाल्ला का लांब केस गळतात. म्या हे डोळ्यानं पाह्यलं होतं, रोपवाटिकेत, रंगरावभाऊच्या तट्टूचं. मले त्यायनं सांगितलंबी होतं. म्या हसली आन इसरून गेली."

व्यापारी एक पाऊल मागं सरकला. भागवत बाईंकडं बघतच राहिला, आणि मग त्याला कळलं.

"सालभरापासून तुह्या झाडाचा पाला खाऊन राह्यली ते! गळाले लागली तं तू आनखी ओढून टाकला!"

"हाव. म्याच टाकला."

"आन म्या त्या गजेंद्रची कॉलर धरली भर बाजारात! तू पाहत राह्यली!"

"तवा मले माहीत नव्हतं. सोमवारी समजलं. सोमवारपासून आजलोक गप होती, तो गुन्हा हाये माहा." बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "तुले मले शिव्या द्यायच्या तं दे. पन तिले भट्टीवर धाडू नको. तिची काय चुकी?"

व्यापारी हसला. "म्हातारी घोडी वाचवायले गोष्ट सांगून राह्यली, भाऊ. शेळ्या खातात तो पाला."

भागवतलाही क्षणभर तसंच वाटलं. त्यानं तिथंच उभ्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं, कारण ते ओरडलेच. "सुबाभूळ खाते? अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं, खायला काय देता!"

"देत कुठं होतो साहेब," भागवत म्हणाला. "झाडं घरामागं होती. पुतळी आपल्या मनानं खात होती."

करिष्मा इतका वेळ दारात उभी होती. ती पायऱ्या उतरून आली, पुतळीचा दोर तिनं खुंट्यावरून सोडला आणि नवऱ्याला न विचारता सत्यभामाबाईंच्या हातात दिला. "घेऊन जाय मावशी. तुह्या अंगनात झाड नाही. तिथं बांध."

व्यापारी काहीतरी पुटपुटत मोटरसायकलवर बसून निघून गेला.

गल्लीतल्या त्या सिमेंटच्या अंगणात घोडी आली, तेव्हा पुतळीला वळायलासुद्धा जागा नव्हती. बाईंनी वर हिरवी जाळी बांधली, खाली माती पसरली. लिदीचा वास येतो म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली. बाईंनी भांडण केलं नाही, दिवसातून चारदा झाडून काढलं. पहाटे बांधाबांधानं फिरून गवताचा भारा आणायचा, तोही घरी आल्यावर पायरीवर बसून काडी-काडी निवडायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, बाई तांदूळ निवडावेत तसं गवत निवडतात. संध्याकाळी करिष्मा यायची आणि दोघी पुतळीला गावाबाहेर चक्कर मारून आणायच्या. भागवत मात्र बरेच दिवस त्या दाराशी फिरकला नाही. रस्त्यात समोर आला तर मान वळवायचा.

झाडं बाईंनीच तोडली. भागवतनं माणूस लावतो म्हणून निरोप धाडला होता. बाईंनी ऐकलं नाही. पण सुबाभूळ कापून मरत नाही. खाली कापली की आठ दिवसांत दुप्पट फुटते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एकेक बुंधा भोवतीनं खणायचा, मुळं उघडी करायची, तोडायची, ओढून काढायची. त्यांनी आयुष्यात झाड मारलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुदळ हातात घेऊन त्या नुसत्याच बसून राहिल्या आणि उठून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी एक बुंधा निघाला. अकरा बुंध्यांना पंधरा दिवस लागले. शेवटचे चार भागवतनं काढले. तो आला आणि शेजारी उभा राहून खणायला लागला.

खणून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता गजेंद्रकडं चाल. मीबी येते."

"मी एकटा जाईन."

"चूक माही, तोंड तुह्यं. दोघंबी लागतात."

गजेंद्रनं दोघांना ओट्यावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ मुद्दाम गप्प बसला. तेवढा हक्क त्याचा होताच. शेवटी त्यानं चहा सांगितला आणि भागवतला म्हणाला, "माह्या अंगनात काय काय लावलं ते मावशीले दाखवतो, थांब. माहा घोडाबी टकला व्हायचा." बाईंनी त्याचं अंगण पाहिलं. कडेला कण्हेरीची तीन झाडं फुललेली होती. त्यांनी ती त्याच दिवशी काढायला लावली आणि मुळं, पानं घोड्यापासून लांब पुरायला लावली.

वैशाखात पुतळीच्या मानेवर मखमलीसारखं काहीतरी हाताला लागलं. ज्येष्ठात दांड्यावर काळे कोंब दिसले. आषाढ संपत आला तेव्हा शेपटीचे केस चांगले चार बोटं झाले होते. परण्याला उभी राहायला अजून दोन वर्षं तरी लागणार होती, पण गळत एकही नव्हता. खराऱ्याचे दाते बाई रोज उजेडात धरून बघत, आणि ते मोकळे दिसले की करिष्माला हाक मारून दाखवत.

एका सकाळी भागवत दोर घेऊन आला. घोडी न्यायला आला हे बाईंना कळलं. त्यांनी पुतळीच्या अंगावरून हात फिरवला आणि दोर सोडायला वाकल्या.

"थांब मावशी. जागा मोकळी पडली. सावली नाही. कोनती झाडं लावू?"

बाई वाकलेल्याच राहिल्या. "डॉक्टरले इचार."

"इचारलं. त्यायनं सांगितलं, तुती चालते, उंबर चालते, चिंच चालते, बांबू चालते. कन्हेर नको, सुबाभूळ नको, करंजाच्या शेंगा नको. पन त्यायनं माही जागा पाह्यली नाही. त्यातली कोनती, कुठं, ते तू सांग."

"माह्यं नाव नको घेऊ बाप्पा. दुसरं कोनी पाह्य." बाईंचा आवाज फुटला. "परत चुकली तं?"

भागवत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "डॉक्टर चुकला नाही, त्याले आपुन सांगितलंच नाही. मी चुकलो, तं गजेंद्रच्या गळ्याले हात घातला. तू चुकली, तं व्यापाऱ्याच्या मधात उभी राह्यली आन सांगितलं. परत चुकली तं परत सांगशील. मले तेवढं पुरते."

बाईंनी पदरानं नाक-डोळे पुसले, पुतळीचा दोर उजव्या हाताला गुंडाळला आणि चालायला लागल्या. जागेवर पोचल्यावर त्या ऊन कुठून येतं ते बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पायानं मातीवर एक रेघ ओढली.

"कुदळ आन. उंबर इथं," त्या म्हणाल्या. "आन रोपाभोवती कठडा दोन हात लांब घालजो. तिची मान लांब हाये."